आजीबद्दल लिहायला बसले आणि चार ओळींत संपली

काळाचौकीकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आजी गेल्या वर्षी आषाढात गेली. वर्षश्राद्ध जवळ आलंय. काकाचं म्हणणं, यंदा जेवणाबरोबर एक छोटी पुस्तिका काढू, सोळाएक पानांची, नातेवाइकांना वाटायला. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात मराठी टायपिंग येणारी मी एकटी. (पात्रता एवढीच, गैरसमज नको.)

बसले. जन्म मालवण तालुक्यात, लग्न होऊन काळाचौकीला आली, खानावळ चालवली, चार मुलं वाढवली, ८७व्या वर्षी गेली. संपलं की! पेपरात दिलेलं कात्रण काढून पाहिलं तर त्यात याहून कमी. 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे.' म्हणजे मागे कोण उरलं त्याची पूर्ण मोजदाद, आणि जी गेली ती 'प्रेमळ व मनमिळाऊ'. आमच्या नाक्यावर दर पंधरा दिवसांनी भावपूर्ण श्रद्धांजलीचा बॅनर लागतो. त्यावरचे सगळेच मनमिळाऊ. मग चाळीत नळावर इतकी वर्षं भांडत कोण होतं?

आजी मनमिळाऊ नव्हती. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, दोन्ही वेळचे बावीस मेंबर. पहाटे साडेतीनला तिचा स्टो पेटायचा. भात उरवलेला तिला खपायचा नाही. मोठमोठे बाप्ये तिच्यासमोर ताट चाटूनपुसून उठायचे. कुणी दारात येऊन पैशांचं काही सांगायला लागला की ती म्हणायची, "आधी जेव, मगे बोल." यात प्रेम होतं की धंदा होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मुद्द्याचं. माळ्यावरच्या ट्रंकेत तिच्या तीन वह्या सापडल्यात. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, वाण्याकडे असायच्या तसल्या. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळीकडे अंगठा. तरी वह्या गच्च भरलेल्या आहेत. एका ओळीला एक खूण : मासा, छत्री, खुर्ची, विंचू, तुळशीवृंदावन. म्हणजे एकेक मेंबर. खुणेच्या पुढे महिन्याची घरं आणि त्यांत गोल, अर्धे गोल, आडव्या रेघा. बाबांना आठवतं ते असं : पूर्ण गोल म्हणजे दोन्ही वेळचं जेवण, अर्धा म्हणजे एक वेळ, रेघ म्हणजे खाडा. सबंध ओळीवर तिरकी काट म्हणजे त्या महिन्याचे पैसे आले. पानाच्या डोक्यावर महिना आणि साल बाबा लिहून द्यायचे, ते तेव्हा शाळेत होते. 'सप्टेंम्बर १९८१' असं चुकलेलं अक्षर आहे.

पण गोलाखाली ठिपके आहेत. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. ते कसले, हे बाबांना ठाऊक नाही. आत्याला वाटतं चपात्या. पण तीन चपात्यांवर उठणारा गिरणी कामगार मी तरी ऐकला नाही.

तर विचारायचं ते हे, की अशा माणसाबद्दल लिहायचं कशाच्या आधारावर? आणि जे गोड नाही त्याचं काय करायचं? आजोबा गिरणीत होते. संपानंतर ते दारूला लागले आणि घर तिच्या एकटीच्या खानावळीवर चाललं. मोठी आत्या म्हणते, दादांच्या दारूचा एक शब्द जरी आला तरी मी पुस्तिकेला हात लावणार नाही.

शिंपला

वाचतेय. आजींना नमस्कार.

पोटमाळा

आधी माणसं गाठ, लेखन नंतर. तुझ्या आजीच्या वयाच्या शेजारणी, जुने मेंबर, कुणी हयात असतील तर या महिन्यातच जा, पुढच्या नको. माझ्या वडिलांचं करताना मी आधी वंशावळ करत बसलो. ती झाली तोवर जे सांगू शकले असते ते दोघं गेले.

आणि प्रश्न विचारताना एक कर. 'आजीबद्दल काहीतरी सांगा' म्हटलं की माणूस फोटो काढायला बसल्यासारखा ताठ होतो आणि 'फार मायाळू होत्या' म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा विचार : बावीस माणसांचा भात कशात शिजायचा? पाणी किती वाजता यायचं? मासे कोण आणायचं, भायखळ्याहून की दारावर? मग बघ कसा दोन तास बोलतो.

मोबाइलवर रेकॉर्ड करताना सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव तुझ्याच आवाजात बोलून ठेव. पाच वर्षांनी 'व्हॉइस ००१७' कोण हे कळत नाही. पंखा बंद कर. कुकरच्या शिट्ट्या राहू देत.

वह्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे टाकू नको, त्यात ते दाबले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठव. स्कॅनरवर करणार असशील तर ६०० डीपीआय ठेव, आणि पान सपाट व्हावं म्हणून शिवण उसवू नको. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला; बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. लॅमिनेशन तर बिलकूल नाही. आमच्या काकूने प्रेमाने आजोबांच्या एकुलत्या एका फोटोचं लॅमिनेशन करून आणलं. आता तो सुटत नाही आणि आतून पिवळा पडतोय. तिला बोलूही शकत नाही.

मोडीवाचक

लिहिता न येणाऱ्यांनी खुणांनी नोंद ठेवणं हे आपल्याकडे फार जुनं. मुंबईतच बघायचं तर बोरिवलीला एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड, बघून या. शिलाहार राजांच्या काळातले आहेत. समुद्रावरची लढाई कोरली आहे, होड्यांची रांग आणि ओळीने वल्ही. वरच्या पट्टीत पडलेला वीर स्वर्गाला पोचलेला. आज त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही, पण तो कसा मेला हे दगड अजून सांगतो. लोक शेंदूर लावतात म्हणून ते टिकले, हेही खरं.

दुसरी बाजू तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. नाशिक-त्र्यंबकला जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगा, पाच-सहा पिढ्यांची नावं वाचून दाखवतात, काही मजकूर मोडीत. दक्षिणेकडे कोल्हापूर-सांगलीत हेळवी घरोघरी येऊन वंशावळ सांगायचे. पण या सगळ्यांत फक्त नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव. छापील कुलवृत्तांतांत थोडं अधिक मिळतं, शिक्षण, नोकरी वगैरे. मात्र बायकांपुढे माहेरचं नाव आणि कंस. माझ्या पणजीचं अख्खं आयुष्य आमच्या कुलवृत्तांतात एका कंसात आहे.

घाटावरचा

मोडीवाचक, विषय खानावळीचा आहे. तुम्ही सकाळी सकाळी शिलाहारांना उठवलंत. :)

मोडीवाचक

उठवले तरच बोलतात हो ते.

रेवसकाठ

आमच्याकडचं सांगतो. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ रामदास बोटीत गेला. १७ जुलै १९४७. गटारीचा दिवस. मुंबईत कामाला असलेली आमच्या बाजूची माणसं सणाला घरी निघालेली. बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे इकडे धक्क्यावर कुणाला पत्ताच नाही. रेवसच्या कोळ्यांनी मचवे घातले म्हणून जे वाचले ते वाचले.

त्या काकाआजोबांचं चरित्र आमच्या घरात तीन शब्दांचं आहे, 'रामदासमध्ये गेला तो'. काय करायचा, कसा दिसायचा, कशावर हसायचा, काही नाही. मरण एवढं मोठं की त्याखाली जगणं गडप झालं. त्याची एकच गोष्ट उरली आहे : आजही गटारीला आमच्या घरी मटण शिजत नाही. नवीन सुनेने विचारलं तर सासू म्हणते, 'नाही करत आपण.' तिलाही कारण ठाऊक नव्हतं, मी सांगितलं.

काळाचौकीकर, तुमच्याकडे तीन वह्या आहेत. तीन! सांभाळा.

नोव्हेंबर_दोन

मी वसईची ख्रिस्ती, लग्नानंतर माझगाव. आमच्यात २ नोव्हेंबरला सगळे दफनभूमीत जातात, कबरी धुतात, फुलं, मेणबत्त्या. पण मुंबईत जागा कुठे आहे? काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, त्याच जागी दुसरा माणूस. शिवडीला माझ्या सासऱ्यांचं तसंच झालं. कोनाड्याच्या फरशीवर नाव आणि दोन तारखा मावतात, बास. मधली आडवी रेघ म्हणजे त्यांची ७१ वर्षं.

एक उपयोगाचं : चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, लग्न, मरण तिन्ही मिळतं, साक्षीदारांची आणि सुईण किंवा गॉडमदरची नावंही कधी कधी. फादरना शांतपणे भेटलं तर दाखवतात. तुमच्याकडे असं काही नसेल तर शाळेचा दाखला बघा. आजी शाळेत गेल्या नसतील, पण मुलांच्या दाखल्यावर पत्ता असतो. खोली कधी बदलली ते कळेल.

एप्रिल_एकवीस

माझे बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. ज्या हॉस्पिटलात होते तिथून त्यांचा फोन परत मिळालाच नाही. त्यात त्यांनी आयसीयूतून आम्हाला पाठवायला म्हणून काही रेकॉर्ड केलं होतं असं शेजारच्या कॉटवरच्या काकांनी नंतर सांगितलं. चष्मा, चप्पल सगळं मिळालं, फोन नाही.

मी अजून काही लिहू शकलेलो नाही. धागा वाचतोय.

शिंपला

:( काय बोलणार. लिहू नका, नुसतं बोलून ठेवा. कधीतरी.

सरळसोट

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. ही उधारीची वही आहे. विंचू म्हणजे कोण, छत्री म्हणजे कोण, हे आज शोधून तुम्ही छापणार, 'अमुकने चार महिने पैसे दिले नाहीत.' त्या अमुकचा मुलगा आज दादरला मोठ्या हुद्द्यावर असेल. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. आजीला त्या खुणा करायच्या होत्या, नावं नव्हती लिहायची. कोण जाणे, मुद्दामच असेल.

आणि आत्या बरोबर आहेत. वडील त्यांचे होते. तुम्ही नात आहात, तुम्हाला ते गोष्टीतले आजोबा आहेत.

काळाचौकीकर

सरळसोट, उधारीबद्दलचं पटलं. खुणा तशाच ठेवीन, नावं लावणार नाही. विंचू विंचूच राहील.

दारूबद्दल मात्र नाही पटलं. ती काढली तर आजी एवढं का राबली ते कळतच नाही. उगाच हौसेने पहाटे साडेतीनला उठायची असं होतं.

कढीपत्ता

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. क्रम बदलून बघ ना. 'आजोबा पीत' अशी सुरुवात नको. संप आधी लिही. १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर, पुढारी दत्ता सामंत, आज सुटेल उद्या सुटेल करत गेलेलं वर्ष, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. एक दिवस तुझ्या आजोबांना कळलं असेल की आपण आता साचेवाले (गिरणीत मागावर काम करणारे) नाही. कुणी पत्र पाठवून कळवलं नाही त्यांना. हे लिहिल्यावर पुढचं वाक्य काय लिहायचं ते आत्यालाच विचार. तिच्यासमोर वाचून दाखव, छापील नको पाठवू. माझ्या मावशीने असंच आधी थयथयाट केला होता, आणि वाचून दाखवल्यावर म्हणाली, 'एवढंच कशाला, अजून एक लिही...' आणि जे सांगितलं ते आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं.

खानावळींवर तशी नोंद कमीच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, कारण दाणेवाल्याकडे त्यांची उधारी आणि त्यांच्याकडे मेंबरांची, आणि मधल्या मधे बाई सावकाराच्या घशात. बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं काम तिथून सुरू झालं. तुझ्या आजीचं तिथे काही खातं होतं का, विचार घरात.

पोटमाळा

मम. वाचून दाखवणं हे फार मोलाचं.

साचेवाला

मुलगी, मी ७८ वर्षांचा आहे, नातू टाइप करतोय, मी सांगतोय. लोअर परळच्या गिरणीत साचे खात्यात होतो. नऊ वर्षं खानावळीत जेवलो, तुझ्या आजीच्या नाही, करी रोडला दुसऱ्या बाईंच्या.

ते ठिपके चपात्या नाहीत. पाळी आहे ती. एक ठिपका पहिली पाळी, सात ते साडेतीन. दोन ठिपके दुसरी पाळी, साडेतीन ते रात्री बारा. तीन म्हणजे रातपाळी. खानावळवालीला हे ठेवावंच लागे. पहिल्या पाळीवाल्याचा डबा पहाटे तयार पाहिजे, दुसऱ्या पाळीवाल्याला दुपारी दोनच्या आत वाढलं पाहिजे, रातपाळीवाला सकाळी जेवून झोपतो. तिचा स्टो पहाटे पेटायचा म्हणतेस, तो या एक ठिपक्यावाल्यांसाठी. आमच्याकडे पाळी महिन्याने बदलायची. एकाच माणसाचे ठिपके महिन्यागणिक बदलतात का बघ. आणि रविवारी गोल असेल पण ठिपका नसेल. रविवारी गिरणी बंद.

दुसरं. वह्या टाकू नका. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर कामावर होतो हे दाखवायचं होतं तेव्हा मी घर उलथंपालथं केलं. तिकीट नंबर तोंडपाठ होता, पण तोंडपाठला कोण विचारतो. हजेरीचं कार्ड सुनेने पुस्तकात खूण म्हणून घातलेलं सापडलं. वीस वर्षं घाम गाळला त्याचा पुरावा एवढासा, बसच्या पासाएवढा.

तुझ्या आजीला माझा रामराम.

घाटावरचा

साचेवालाकाका, दंडवत! आणि नातवालाही, शाब्बास.

मोडीवाचक

वा. मी शिलाहारांपर्यंत गेलो आणि उत्तर करी रोडला होतं.

नोव्हेंबर_दोन

वाचताना काटा आला. काळाचौकीकर, बघितलंस का वहीत?

काळाचौकीकर

बघितलं. उशीर झाला लिहायला, कारण काल रात्री बाबा आणि मी एक वाजेपर्यंत वह्या घेऊनच बसलो होतो. साचेवालाकाका, तुमच्या पाया पडते. तंतोतंत तसंच आहे. छत्री जूनमध्ये एक ठिपका, जुलैत दोन, ऑगस्टात तीन, परत एक. रविवारी नुसते गोल. बाबा कॅलेंडर काढून तारखा पडताळत होते आणि मी बोट फिरवत होते.

मग जानेवारी १९८२ चं पान काढलं.

सोळा तारखेपर्यंत ठिपके आहेत. सतरा रविवार, नुसते गोल, नेहमीसारखे. अठराला पुन्हा नुसते गोल. एकोणीसला, वीसला, पुढे पानभर नुसते गोल. फेब्रुवारीत कुठेच ठिपका नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भोंगा बंद झाला ना, तेव्हा मला शाळेला उठायला उशीर व्हायचा." हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं (पोटमाळा, पंखा बंद करून. घामाघूम झालो).

जानेवारीवर काट आहे, पेन्सिलची, म्हणजे तोपर्यंतचा पगार हाती आला होता. फेब्रुवारीपासून पेन्सिलची काट कुठेच नाही. मार्चमध्ये बावीस खुणांतल्या एकोणीस उरल्या, मेमध्ये बारा. माणसं गावी गेली. जे होते त्यांच्यापुढे गोल आहेतच, म्हणजे ती वाढत होती. ती ते आणत कुठून होती, हा आता माझा पुढचा प्रश्न आहे. कढीपत्ता, अन्नपूर्णाचं आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "होतं काहीतरी, दादरला जायची ती," आणि पुढे स्वतःहूनच म्हणाली, "दादांनी एकदा तिचे कर्जाचे पैसे..." आणि थांबली. रविवारी ये म्हणाली, तेव्हा सांगते. वही घेऊन ये, असंही म्हणाली.

एक शेवटचं, मग झोपते. मासा. मासा ऑगस्टात गणपतीच्या आधी गावी गेला असावा, कारण १९ तारखेनंतर त्याच्या घरांत गोल नाही आणि खाड्याची रेघही नाही, कोरं. बाकीचे जे गेले त्यांच्या खुणा पुढच्या पानावर तिने काढल्याच नाहीत. मासा मात्र सप्टेंबरला काढलाय. ऑक्टोबरला काढलाय. दर महिन्याला नवीन पान, मासा, आणि पुढे तीस कोरी घरं. असं पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत.

जून १९८३ ला त्याच्या ओळीत एकच गोल आहे, ठिपक्याशिवाय. आणि मागची पानं उलटली तर १९८२च्या फेब्रुवारी ते जूनच्या माशावर निळ्या शाईची तिरकी काट आहे, बाकी सगळी वही पेन्सिलीत असताना. जुलै आणि ऑगस्ट तसेच.

बाबांना तो आठवतो. आला, बसला, जेवला. निळं पेन त्याच्याच खिशातलं होतं, म्हणाले.